मामा, यात एव्हरेस्ट कुठंय?

भाचा डोंबिवलीचा. ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरला, म्हणून फोर्टातल्या फुटपाथवरून त्याला एक पुस्तक आणून दिलं. आठवड्याने त्याचा फोन. "मामा, शंभर पानं झाली. हा पोरगा अजून अमेरिकेतच हिंडतोय. एव्हरेस्ट कधी येणार?"

येणारच नव्हतं. द्यायचं होतं अमेरिकन गिर्यारोहक-लेखक जॉन क्राकौरचं 'इन्टू थिन एअर', आणि मी घाईत उचललं होतं त्याचंच 'इन्टू द वाइल्ड'. लेखक एकच, नावांची सुरुवात एकच, एक १९९६चं आणि दुसरं १९९७चं. दोन्हींत माणसं बर्फाच्या मुलखात जाऊन मरतात. त्यामुळे "क्राकौरचं ते मरणाचं पुस्तक" एवढ्या वर्णनावर नेमकं कुठलं ते कळत नाही.

'थिन एअर' म्हणजे एव्हरेस्ट. १० मे १९९६ला नेपाळच्या बाजूने बऱ्याच तुकड्या एकाच दिवशी शिखराकडे निघाल्या. न्यूझीलंडच्या रॉब हॉलच्या तुकडीत क्राकौर होता. एव्हरेस्टचा धंदा कसा झालाय यावर लेख लिहायला 'आउटसाइड' मासिकाने त्याला पाठवलं होतं. हॉलचा दर माणशी ६५ हजार डॉलर. वरच्या अरुंद जागी रांग लागली, उशीर झाला. दुपारी दोनपर्यंत परत फिरायचं असं ठरलेलं असून काही जण चारनंतरही माथ्यावर होते, आणि मग वादळ आलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून आठ जण गेले. त्यांत हॉल होता, दुसऱ्या तुकडीचा म्होरक्या स्कॉट फिशर होता. आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं, पण त्या आठांपैकी तिघे भारताच्या आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे, लडाखी जवान होते. ते तिबेटच्या बाजूने चढले होते.

या नावातली गंमत सांगायला इंग्रजीपेक्षा मराठी सोयीची आहे, असं माझं मत. शेक्सपियरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये प्रॉस्पेरो या जादूगाराचे नाचणारे आत्मे 'इन्टू थिन एअर' नाहीसे होतात, तिथून हा शब्दप्रयोग आला. आपल्याकडे हवा 'विरळ' असते आणि माणूस हवेत 'विरतो'. दोन्ही अर्थ जवळजवळ एकाच शब्दात.

हवा विरळ म्हणजे नेमकं काय, हे सह्याद्रीत चढून कळत नाही. कळसूबाई १६४६ मीटर. पाच कळसूबाया एकावर एक रचल्या तरी एव्हरेस्टला सहाशेवर मीटर कमीच पडतील. हवेतला ऑक्सिजनचा वाटा माथ्यावरही २१ टक्केच असतो, पण दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश. प्रत्येक श्वासात हाती लागतो तो तेवढाच. आधी डोकं जातं, पाय नंतर. पुस्तकात अँडी हॅरिस नावाचा वाटाड्या आहे. ऑक्सिजनच्या बाटल्या भरलेल्या असताना तो "या रिकाम्या आहेत" असंच म्हणत राहतो, आणि शेजारी उभ्या क्राकौरलाही त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या मते सगळ्या पुस्तकातली भीती त्या एका प्रसंगात आहे.

'वाइल्ड'मध्ये उंचीचा प्रश्नच नाही. ख्रिस मॅकॅन्डलेस हा अमेरिकेतल्या खात्यापित्या घरचा मुलगा. १९९०ला पदवी घेतली, शिल्लक असलेले सुमारे २४ हजार डॉलर दान केले, गाडी सोडून दिली, जवळच्या नोटा जाळल्या आणि निघाला. एप्रिल १९९२मध्ये अलास्कात स्टॅम्पीड नावाच्या जुन्या वाटेने पायी आत शिरला. सोबत रायफल आणि तांदळाची पिशवी. जंगलात पडून असलेल्या एका जुन्या सिटी बसमध्ये राहिला. सप्टेंबरात शिकाऱ्यांना त्याचा देह त्याच बसमध्ये मिळाला. वय २४. ती जागा कळसूबाईच्या निम्म्यासुद्धा उंचीवर नाही.

त्याला अडवलं नदीने. एप्रिलमध्ये सहज ओलांडलेली टेक्लॅनिका जुलैत हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याने फुगली आणि परतीची वाट बंद झाली. थोड्याच अंतरावर तारेवरून हाताने ओढत पार जायची टोपली होती. नकाशा जवळ नसल्यामुळे त्याला ते कळलंच नाही. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारच्या सरीनंतर कमरेला लागतो, हे पावसाळ्यात कर्जत-कसाऱ्याकडे भटकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणूनच मला वाटतं, एव्हरेस्टला कधीही न जाणाऱ्या मुंबईकराच्या जास्त जवळचं पुस्तक 'वाइल्ड'च आहे.

दोन पुस्तकांतला खरा फरक मात्र लेखक कुठे उभा आहे त्यात आहे. एव्हरेस्टवर तो स्वतः होता, जगला, आणि जगल्याचं ओझं पानापानावर वागवतो. मॅकॅन्डलेसला तो कधी भेटलाच नव्हता. तिथे तो डायऱ्या, पत्रं आणि वाटेत त्या मुलाला भेटलेली माणसं शोधत फिरतो. त्यामुळे आवाजही वेगळा. एकात साक्षीदार बोलतो, दुसऱ्यात तपास करणारा.

मग साम्य काय? दोन्ही पुस्तकं आधी मासिकातले लेख होती, आणि दोन्ही लेखांत चूक होती. एव्हरेस्टच्या लेखात त्याने लिहिलं की हॅरिस तंबूंच्या अगदी जवळ पोहोचलेला आपण पाहिला. नंतर कळलं, तो माणूस दुसराच होता. विरळ हवेतली ही गफलत त्याने पुस्तकात कबूल केली. मॅकॅन्डलेसच्या लेखात त्याने म्हटलं होतं, पोराने एक विषारी झाड खाण्याजोगं समजून खाल्लं. पुस्तकात हे मागे घेऊन खाण्याजोग्या झाडाच्याच बियांवर संशय घेतला. पुढे २०१३मध्ये तो ज्या विषापर्यंत आला ते ऐकून विदर्भातली माणसं कान टवकारतील. लाखोळीच्या डाळीत असतं तेच, पाय लुळे करणारं. आपल्याकडे १९६१पासून तिच्या विक्रीवर बंदी होती ती याच कारणाने. २०१५मध्ये तोही अंदाज सोडून त्याने त्याच बियांतल्या आणखी एका द्रव्याकडे बोट दाखवलं. वीस-बावीस वर्षं एका पोराच्या जेवणाचा हिशोब लावत बसणारा लेखक मला आवडतो, हिशोब जुळो न जुळो.

एव्हरेस्टच्या पुस्तकाबद्दल मात्र एकट्या त्याचं ऐकू नये. फिशरचा वाटाड्या अनातोली बुक्रीव बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय चढला आणि गिऱ्हाइकांच्या आधी खाली उतरला, यावर क्राकौरने टीका केली. पण त्याच रात्री वादळात एकटा बाहेर पडून तिघांना जिवंत आणणाराही बुक्रीवच. त्याने आपली बाजू 'द क्लाइम्ब'मध्ये १९९७लाच मांडली, आणि त्याच वर्षीच्या नाताळात अन्नपूर्णेवर हिमस्खलनात तो गेला.

सिनेमांनी गोंधळात भर घातली आहे. २००७चा 'इन्टू द वाइल्ड' त्याच नावाच्या पुस्तकावरून काढलेला. २०१५चा 'एव्हरेस्ट' त्याच १९९६च्या वादळावर असला, त्यात क्राकौर नावाचं पात्र असलं, तरी तो 'थिन एअर'वरून काढलेला नाही.

आणि एक गंमत. एकट्याने, स्वतःच्या जिवावर केलेली चढाई वाचायची असेल तर ती एव्हरेस्टच्या पुस्तकात नाही, बसच्या पुस्तकात आहे. मॅकॅन्डलेस समजून घेताना क्राकौर मध्येच आपली १९७७ची गोष्ट सांगतो. वय २३, सुतारकाम सोडून एकटा अलास्कात डेव्हिल्स थंब चढायला गेलेला. बर्फातल्या भेगेत पडलो तर आडवे अडकावे म्हणून त्याने पडद्याच्या दोन स्वस्त दांड्या फुलीसारख्या बांधून अंगाला लावल्या होत्या. वडिलांकडून मागून आणलेला तंबू त्याने तिथेच जाळूनही घेतला. हे वाचल्यावर तो त्या पोराला मूर्ख का म्हणत नाही ते उमगतं.

गेल्या रविवारी भाच्याला 'थिन एअर' नेऊन दिलं आणि चुकीचं परत मागितलं. म्हणाला, "राहू दे मामा, आत्ता कुठे दांड्या बांधल्यात त्याने."