‘मजा नाही’ याचे किती गुण?

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीचा बराच काळ रुळलेला मार्ग म्हणजे एम.ए.नंतर रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्ण करावयाचा दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम होता. या काळात रुग्णही पाहायचे आणि प्रबंधही लिहायचा असे. उपचार करणारा संशोधकही असावा, ही अपेक्षा १९४९ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेपासून रूढ झाली. बडोद्यातल्या मराठी घरात प्रश्नावली घेऊन गेल्यावर या अपेक्षेचा खरा कस लागतो.

समजा, अशी एक विद्यार्थिनी दांडिया बाजारातील एका आजींसमोर बसली आहे. तिच्या हातात नैराश्य पडताळण्याची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली आहे: गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारणतः १० किंवा त्याहून अधिक गुण आले, तर सविस्तर तपासणी करावी असे मानतात. पहिला प्रश्न रस आणि आनंद यांविषयीचा. आजी म्हणतात, ‘‘हल्ली मजा नाही गं.’’ पुणेरी कानाला हा सरळ होकार वाटेल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच्या शेजारात राहिलेल्या मराठीत त्याचा अर्थ नुसता ‘बरे नाही’ एवढाही असू शकतो, कारण गुजरातीत ‘मजा नथी’ असे सर्दी-पडशालाही म्हणतात. पुढे आजी सांगतात, ‘‘जेवण गोड लागत नाही.’’ हे भूक मंदावल्याचे, म्हणजे पाचव्या प्रश्नाचे उत्तर मानावे, की आनंद हरपल्याचे, म्हणजे पुन्हा पहिल्याच प्रश्नाचे?

प्रश्नावली मराठीत आणताना एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहायचे, अशी रीत आहे. माझ्या मते ती आवश्यक असली तरी अपुरी आहे, कारण दोन्ही भाषांतरकार शिकलेले असतात आणि एकमेकांची पुस्तकी मराठी त्यांना बिनचूक कळते. खरी अडचण उघड होण्यासाठी त्याच वस्तीतल्या माणसांना एकेक प्रश्न वाचून दाखवून, त्यातून त्यांना काय समजले, हे विचारावे लागते. (प्रबंधात हे काम अर्ध्या पानात उरकते, करताना आठवडे जातात.)

विद्यार्थिनी गुण न लिहिता विचारते, ‘‘मजा नाही म्हणजे काय होतं, आजी?’’ आजी कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या पेटीकडे पाहतात. ‘‘रोज संध्याकाळी वाजवायचे. आता उघडावीशीच वाटत नाही.’’ उत्तर पहिल्या प्रश्नाचेच होते. पण असे किती दिवस वाटते, हे विचारणे अजून बाकी आहे, कारण गुण ठरतात ते त्या दिवसांवरून.