परतवाड्याचा कॅम्प वेलस्लीने वसवला नाही

अचलपूर तालुक्यात लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट अशी: इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने भोसल्यांचा गाविलगड किल्ला घेतला आणि इंग्रजांनी लगोलग परतवाड्याची छावणी उभारली. पोरांनाही हेच सांगितलं जातं, पण ते खरं नाही.

गड पडला 15 डिसेंबर 1803 ला. मेळघाटच्या दऱ्याखोऱ्यांतून हातांनी तोफा ओढत नेऊन फौजेने उत्तरेकडची तटबंदी फोडली. मग नागपूरच्या भोसल्यांशी देवगावचा तह झाला. वर्धा नदीपलीकडचा, पश्चिमेचा वऱ्हाड हैदराबादच्या निजामाला मिळाला, आणि जिंकलेला गाविलगड भोसल्यांना परत! मुलूखच हातात नसताना इंग्रज स्वतःची कायमची छावणी कशाला बांधतील?

कॅम्प होता तो हैदराबाद कंटिंजंटचा, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या फौजेचा. अधिकारी इंग्रज, पण पगार निजामाच्या तिजोरीतून. खरा घोळ इथेच झाला. गोरा साहेब दिसला की फौजही इंग्रजांची, असं लोकांनी धरलं. या फौजेचा खर्च निजामाला झेपेना, थकबाकी साचत गेली आणि 1853 च्या तहाने त्या खर्चासाठी वऱ्हाडच इंग्रजांकडे लावून दिला गेला. म्हणजे आपल्या कास्तकाराच्या शेतसाऱ्यातून या बराकी चालल्या. हे प्रत्येक वऱ्हाडी माणसाला ठाऊक असायलाच हवं.

1902 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने गेला, वर्षाला 25 लाख रुपयांवर. पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि परतवाड्याची छावणी मोडली. तेव्हा जुन्या बंगल्यांपुढे 'वेलस्लीचा कॅम्प' म्हणून फोटो टाकू नका, निजामाच्या कंटिंजंटचा म्हणा.