पळून जातील म्हणून

१७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धासाठी ब्रिटिश आरमाराने १,८४,८९९ माणसे गोळा केली. युद्धानंतर हिशेब छापला गेला. त्यात लढाईत मेलेले होते १,५१२, आणि ‘रोगाने मेलेले किंवा बेपत्ता’ अशा एकाच रकान्यात १,३३,७०८. या आकड्यांच्या काटेकोरपणावर इतिहासकार शंका घेतात, आणि ती रास्त आहे. मला नवल वाटते ते त्या रकान्याचे. आजाराने मेलेला आणि पळून गेलेला, दोघांना कारकुनाने एकत्र मोजले. त्याला कल्पना नसावी, पण पळापळ आणि रोगराई खरोखरच एकमेकींना पोसत होत्या.

शिडाचे जहाज चालवायला मुरलेला खलाशी लागतो. वादळात डोलकाठीवर चढून शीड गुंडाळणे ही चार दिवसांत शिकायची गोष्ट नव्हे. १७९२ साली, शांततेच्या काळात, आरमारात साधारण १६ हजार माणसे होती. १८१० च्या सुमारास, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, ती १ लाख ४० हजारांच्या वर गेली. एवढे जाणते खलाशी होते फक्त व्यापारी जहाजांवर, आणि युद्ध सुरू झाले की तिथला पगार दुप्पट-तिप्पट होई. आरमारात मात्र कसलेल्या खलाशाला १६५३ साली ठरलेले महिना २४ शिलिंगच मिळत होते, तेही १७९७ पर्यंत!

मग धरपकड. अधिकारपत्र घेतलेला अधिकारी आणि त्याची सोटेवाली माणसे, म्हणजे ‘प्रेस गँग’, बंदरातल्या गुत्त्यांत शिरत. त्याहून मोठा हात मारला जाई तो समुद्रावर. लांबच्या सफरीवरून परतणारे व्यापारी जहाज गाठायचे आणि घर दिसू लागलेली माणसे उतरवून घ्यायची. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे गोरे खलाशी हिंदुस्थानच्या बंदरांतही असेच उचलले जात. त्यांच्या जागी परतीच्या प्रवासाला सारंग आणि तांडेल या देशी नायकांच्या हाताखालचे ‘लस्कर’, म्हणजे देशी खलाशी, घेतले जात. हजेरीपटात ‘स्वेच्छेने आलेले’ही बरेच दिसतात. पण पकडल्यावर ‘मी आपणहून आलो’ म्हणणाऱ्याला बक्षिशी मिळे, तेव्हा त्या नोंदीवर किती विसंबायचे हा प्रश्नच आहे.

असा माणूस पळणारच. म्हणून पगार सहा-सहा महिने अडकवून ठेवत. पळाला की हजेरीपटात नावापुढे ‘आर’ (‘रन’, म्हणजे पळाला) लागे आणि थकबाकी बुडे. बंदरात नांगर टाकला तरी बहुतेकांना किनाऱ्यावर सोडत नसत.

इथे शरीरशास्त्र आडवे येते. खारवलेले मांस, बिस्किटे आणि सुके वाटाणे या शिध्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. बहुतेक प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसात मात्र त्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) बनवणारे जनुक मोडलेले आहे. अंगातला साठा एक ते तीन महिन्यांत आटतो. मग ऊतींना बांधून ठेवणारे कोलॅजेन नीट बनत नाही, हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. ही स्कर्व्ही. हिरवा पाला आणि फळे किनाऱ्यावर होती, पण तिथे जायला खलाशाला परवानगी नव्हती.

दुसरा रोग भरतीबरोबरच चढे. पकडलेल्यांना छोट्या जहाजांच्या तळघरात दिवसच्या दिवस कोंडत. तुरुंगातून आणलेलेही त्यांत असत. अंगावरचे कपडे तेच, आणि कपड्यांत उवा. टायफसचा ताप या उवा पसरवतात हे फ्रेंच वैद्य शार्ल निकोलने १९०९ मध्ये दाखवले. त्याच्या कितीतरी आधी आरमाराचा डॉक्टर जेम्स लिंड याला तापाचे नेमके ठिकाण, म्हणजे ही भरतीची जहाजे, सापडले होते. १७४७ मध्ये संत्र्या-लिंबांनी स्कर्व्ही बरी होते हे बारा रुग्णांवर तपासणारा तो हाच. १७५८ पासून तो हॅसलरच्या आरमारी इस्पितळात होता. नव्या भरतीला आधी वेगळ्या जहाजावर ठेवा, आंघोळ घाला, कपडे बदला, असे त्याचे सांगणे. त्या इस्पितळालाही पहारा होता, कारण बरा झालेला रुग्ण पळे.

एप्रिल १७९७ मध्ये पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेड या आरमारी नांगरतळावर खलाशांनी जहाजे हलवायला नकार दिला. त्यांच्या मागण्या वाचण्यासारख्या आहेत: पगारवाढ, बंदरात पुरेशी भाजी, आजाऱ्यांची नीट देखभाल, किनाऱ्यावर जायची रजा. सक्तीची भरती बंद करा, हे त्यांत नाही. त्यांना २९ शिलिंग ६ पेन्स मिळाले, रजेचा प्रश्न लोंबकळत राहिला.

तोवर, १७९५ पासून, आरमाराचा डॉक्टर गिल्बर्ट ब्लेन याच्या आग्रहाने लिंबाचा रस शिध्यात येऊ लागला होता. स्कर्व्ही ओसरली, आणि आरमाराला वेगळाच लाभ झाला: जहाजे महिनोन्‌महिने किनाऱ्याला न लागता फ्रेंच बंदरांपुढे नाकेबंदी करून उभी राहू लागली. खुद्द ॲडमिरल नेल्सनने जून १८०३ ते जुलै १८०५ जमिनीवर पाय ठेवला नाही. खलाशाला पळायला किनाराच नाही! फ्रान्सशी झालेल्या आधीच्या युद्धात (१७९३ ते १८०२) ४२ हजार माणसे पळाली, हा अंदाजही नेल्सनचाच, १८०३ मधला.

१८१५ मध्ये फ्रान्सशी युद्ध संपल्यावर धरपकड थांबली, कायदा मात्र कागदावर राहिला. १८५३ मध्ये आरमाराने दहा वर्षांची ठरावीक नोकरी, वाढीव पगार आणि पेन्शन देऊ केली.