कसारा घाट उतरणारी गाडी वीज परत देते

ई-वाहनांचा विषय निघाला की नाशिकमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गाडीचा धूर थांबला तरी तो एकलहऱ्याच्या चिमणीतून निघणारच ना!" शंका रास्त आहे, एकलहऱ्याचं वीजनिर्मिती केंद्र कोळशावरच चालतं. पण या हिशेबात विजेची गाडी उतारावर काय करते, ते धरलेलंच नसतं. ते समजून घ्यायला कसारा घाटासारखी दुसरी जागा नाही.

इगतपुरीहून कसाऱ्याला येताना रेल्वे सुमारे ३०० मीटर खाली उतरते. उतार ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा शाळेतला गुणाकार केला, तर १००० टनांच्या गाडीची सुमारे ८०० युनिट ऊर्जा या उतारावर मोकळी होते. नुसते ब्रेक दाबून उतरलं, तर ती चाकं आणि ब्रेक तापवण्यातच जाते.

आता विजेवरच्या थ्री-फेज रेल्वे इंजिनाची इंडक्शन मोटर बघा. बाहेरच्या गुंडाळ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र गरगर फिरतं आणि आतला फिरता भाग, म्हणजे रोटर, त्याच्यामागे धावतो, पण किंचित मागे राहून. हा वेगातला फरक आहे म्हणूनच रोटरमध्ये प्रवाह निर्माण होतो आणि चाकाला जोर मिळतो. उतारावर लोको पायलटने विजेचा ब्रेक लावला की मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर त्या विजेची वारंवारता घटवतो. क्षेत्र मंदावतं, पण गाडीच्या वजनाने रेटला जाणारा रोटर त्याच्या पुढे निघतो. फरकाचं चिन्ह उलटतं, बलाची दिशा उलटते, चाक मागे खेचलं जातं आणि तीच मोटर जनित्र बनते. ही वीज तारेतल्या ५० हर्ट्झच्या वारंवारतेशी जुळवून, ट्रान्सफॉर्मरमधून २५ हजार व्होल्टच्या तारेत परत जाते. त्याच वेळी मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून घाट चढणारी दुसरी गाडी ती वापरू शकते. मोटरच्या जोराला मर्यादा असते, उरलेलं काम हवेचे ब्रेक करतात. निम्मीच ऊर्जा हाती लागली असं धरलं, तरी एका उतरणीत ४०० युनिट!

अशा मोटरी दुरुस्त करणारा रेल्वेचा कारखाना नाशिकरोडलाच आहे. परवानगी काढून शाळांनी मुलांची एक सहल तिथे न्यायलाच हवी. चुंबक लावून 'फुकट वीज' देणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यांच्यावर हाच चांगला उतारा. घाटात परत मिळते ती चढताना खर्चलेल्या ऊर्जेतलीच, आणि तिच्याहून नेहमी कमी.

ई-वाहनांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्र सरकारच्या २०२४च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटी रुपये आहेत. विजेवरच्या दुचाकी, बसही ब्रेक लावताना याच तत्त्वाने बॅटरीत वीज भरतात, म्हणून ही योजना मला पटते. पण अवजड मालासाठी रूळच हवेत. शेजारच्या महामार्गावर घाट उतरणारा डिझेल ट्रक ब्रेक तापवत येतो, जळलेलं डिझेल काही टाकीत परत भरता येत नाही. राष्ट्रीय रेल्वे योजनेने २०३०पर्यंत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या देवळालीहूनच दानापूरला निघाली होती. पुढे फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलतही मिळाली. नाशिकचा कांदा आणि द्राक्षं रुळांवर आणायची, तर तशी सवलत कायमची हवी, आणि बांधापासून स्टेशनापर्यंत माल नेण्याची सोयही त्याच धोरणात बसवायला हवी.