पर्माफ्रॉस्टमधली दरड आणि जमिनीत बघणारं रडार

आपल्याकडे दरड म्हटलं की पहिला संशय पावसावर. पण अलास्का, उत्तर कॅनडा, सायबेरिया इकडे फारसा पाऊस नसतानाही उन्हाळ्यात अख्खे उतार सरकतात. तिथली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट, किमान सलग दोन वर्षं शून्य अंश किंवा त्याहून थंड राहिलेली. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो पण पाणी खाली मुरणार कुठे, खाली तर सगळं गोठलेलं, मग मधे चिखल साचतो आणि वरची माती झाडाझुडपांसकट घसरते. जमिनीत बर्फाचे जाड थर असतील तर प्रकरण आणखी वाढतं, सायबेरियातला बटागायचा खड्डा असाच जंगलतोडीनंतर वाढत वाढत आता जवळपास 1 किलोमीटर रुंद झालाय.

आता हा चिखलाचा थर किती खोल आहे हे न खणता कसं कळणार? इथे जीपीआर कामाला येतं, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार. अँटेना जमिनीवरून ओढत न्यायचा, लहर खाली जाते आणि जिथे मटेरियल बदलतं तिथून थोडी परत येते. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (रेडिओ लहर त्या पदार्थात किती मंदावते हे ठरवणारा आकडा) 80 च्या आसपास आणि बर्फाचा फक्त 3 च्या थोडा वर, त्यामुळे ओली माती संपून गोठलेली सुरू होते तिथे स्क्रीनवर ठळक रेघ उमटते. ती रेघ म्हणजे बऱ्याचदा घसरण्याची संभाव्य पातळीच.

पण स्क्रीनवर मीटर नसतात हो, नॅनोसेकंद असतात! समजा लहर 40 नॅनोसेकंदांनी परत आली आणि ओल्या मातीत तिचा वेग नॅनोसेकंदाला 5 सेंटीमीटर धरला, तर जाऊन-येऊन 2 मीटर, म्हणजे खोली 1 मीटर. वेग 7 धरला की तीच रेघ 1.4 मीटरवर जाते. म्हणून लोक सोबत लोखंडी सळई घेऊन फिरतात, गोठलेल्या जमिनीला टक् करून लागेपर्यंत खुपसायची आणि रडारचा आकडा ताडून बघायचा. मला तर ही सळईच जास्त भरवशाची वाटते.

चिकणमाती मात्र जीपीआरचा खरा शत्रू, लहर तिथे लवकर विरते. खोल बघायचं तर लो फ्रिक्वेन्सी लागते, मग बारीक तपशील जातो. त्यामुळे बरेच जण हिवाळ्याच्या शेवटी, वरचा थरही गोठलेला असताना, बर्फावरून अँटेना ओढतात, तेव्हा लहरी जास्त खोल जातात.

तरी मर्यादा आहेच. अलास्कात डाल्टन हायवेकडे माती, दगड, झाडं आणि बर्फ यांचा एक प्रचंड गोठलेला ढिगारा वर्षाला काही मीटर सरकत येत होता, तो घसरतोय सुमारे 20 मीटर खोलीवर हे कळलं ते बोअर मारून. शेवटी 2018 मध्ये तिथे रस्ताच बाजूला हलवला.