केस पेपरवर 'नवऱ्याने मारलं' असं लिहिलं की पुढे काय होतं?

घरातली मारहाण हा आरोग्याचा प्रश्न आहे हे आपल्याकडे कायद्याने आधी म्हटलं. आरोग्य खात्याच्या कानावर ते फार उशिरा पडलं. १९८३ साली दंड संहितेत नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेचं कलम ४९८-अ आलं. बाईच्या जिवाला, अवयवाला किंवा आरोग्याला, मग ते शारीरिक असो की मानसिक, धोका पोचवणारं वागणं त्यातल्या क्रूरतेच्या व्याख्येतच बसतं. म्हणजे मानसिक आरोग्य हे शब्द चाळीस वर्षांपूर्वीच फौजदारी कायद्यात येऊन बसले होते. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष हुंड्याकडे आणि जळीत प्रकरणांकडे होतं, आणि ते योग्यच होतं.

'स्टोचा भडका उडाला' या एका वाक्यावर प्रकरणं मिटत होती. पुण्या-मुंबईत मोर्चे निघाले, कायदे बदलले. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीने मेली तर शवविच्छेदन टाळता येऊ नये, ही तरतूद त्याच काळातली. १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४-ब आलं. सोलापूरच्या सिव्हिलला या सगळ्याची धग जवळून लागली. इथे शहराबरोबर धाराशिवकडून येतात, सीमेपलीकडच्या इंडी, आळंद, अफजलपूरकडूनही येतात. जळीत वॉर्डात उपचारांइतकंच महत्त्व 'रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे' या डॉक्टरच्या शेऱ्याला आलं. जबाब घ्यायला कोणी येईपर्यंत खाटेभोवती सासरचीच माणसं. मरणाऱ्या बाईचा शब्द कागदावर कसा आणायचा याची पद्धत हळूहळू बसली. जी मेली नाही, सुजलेला दंड पदराखाली झाकून ओपीडीच्या रांगेत उभी राहिली, तिच्यासाठी मात्र कसलीच पद्धत नव्हती.

परदेशातही मानसोपचाराची सुरुवात अभिमान वाटावा अशी नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या एका नियतकालिकात बायकोला मारणाऱ्यांच्या बायकांवर लेख आला होता. मारणारा बाजूला राहिला आणि मार खाणारीच्या स्वभावाची चिरफाड झाली. सत्तरच्या दशकात निवारागृहं काढणाऱ्या बायकांनी ती दिशा बदलली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातल्या डुलुथ शहरात मारणाऱ्या पुरुषांबरोबर काम सुरू झालं. 'राग आवरत नाही म्हणून हात उठतो' हे म्हणणं तिथे ऐकून घेतलं जात नव्हतं. बायकोला धाकात ठेवायला हात उठतो, असं त्यांना तोंडावर सांगितलं जाई. १९९६ मध्ये हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा जागतिक पातळीवरचा ठराव झाला.

आपल्याकडचं खरं वळण २००० सालचं. मुंबईत वांद्र्याच्या महापालिका रुग्णालयात बायकांसाठी एक खोली उघडली. विचार साधा होता. बाई पोलीस ठाण्यात जाईल न जाईल, वकिलाकडे जाईल न जाईल, पण दवाखान्यात कधी ना कधी येतेच. मुलाच्या तापाला येते, अंग दुखतं म्हणून येते, पाळी चुकली म्हणून येते. तेव्हा तिला गाठायचं तर तिथेच. हातात केस पेपर घेऊन त्या खोलीत शिरलेली बाई कुठल्या तपासणीला चालली आहे हे सोबतच्या माणसांना कळत नव्हतं. आत तिचं ऐकून घेणारी प्रशिक्षित समुपदेशक असे. घरी परतणं धोक्याचं असेल तर 'देखरेखीखाली' म्हणून एक-दोन दिवस वॉर्डात ठेवून घेण्याची सोयही होती. त्याहून मोठा बदल डॉक्टर आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाने झाला. उजव्या हाताची थप्पड बसते तेव्हा बहुधा डाव्या कानाचा पडदा फाटतो. डोक्यावर येणारी काठी अडवताना कोपराखालचं करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. जिन्यावरून पडलेल्या बाईच्या दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ उमटत नाहीत. हे सगळं डॉक्टरांच्या डोळ्यासमोर रोज होतं. त्यावरून प्रश्न विचारायचा असतो हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांत आणि काही राज्यांत ही पद्धत गेली. माझ्या मते या विषयात देशात झालेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम आहे.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचं कलम ७ दवाखान्यांसाठी आहे: मागितल्यावर उपचार द्यायचेच. नियम १७ आणखी पुढे जातो. आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कौटुंबिक घटनेचा अहवाल झालेला नसेल तर दवाखान्यानेच नमुना १, म्हणजे त्या अहवालाचा फॉर्म, भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा. तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. कागदावर याहून जास्त मागण्यासारखं फारसं काही नाही. मात्र यातली 'वैद्यकीय सुविधा' म्हणजे राज्य सरकारने अधिसूचित केलेली. ज्या गल्लीतल्या डॉक्टरकडे बाई पहिल्यांदा जाते, जो एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवतो, त्याला हा नियम माहीत नसतो आणि तो त्याच्यावर बंधनकारकही नसतो.

इथून पुढचा गुंता एमएलसीचा. वाद सगळीकडचाच, पण सोलापुरात त्याला स्वतःची धार आहे.

एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, अशी नोंद झाली की पोलिसांना कळवलं जातं. जळीत, विषप्राशन, जीवघेणी जखम यात दुमत नाही. प्रश्न आहे तो ओठ फाटलेल्या, पाठीवर पट्ट्याचे वळ असलेल्या, 'नवऱ्याने मारलं' असं हळूच सांगणाऱ्या बाईचा. तिची एमएलसी करायची का, आणि ती नको म्हणाली तर?

'करायचीच' म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. पोलिसांना कळवल्याशिवाय प्रकरण दडपलं जातं, हा ऐंशीच्या दशकातल्या बायकांच्या चळवळीचा कष्टाने मिळवलेला अनुभव आहे. पुढे खटला उभा राहिला तर जुन्या एमएलसीसारखा पुरावा नाही. आणि डॉक्टरांना भीती असते की नोंद केली नाही तर उद्या गुन्हा लपवल्याचा ठपका आपल्यावरच येईल.

ही भीती कायद्यात तपासून पाहिली तर तेवढी टिकत नाही. कोणते गुन्हे कळले की नागरिकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे याची यादी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये होती. खून, दरोडा असे गुन्हे त्यात आहेत. ४९८-अ नाही, साधी मारहाणही नाही. बाकीचं सगळं रुग्णालयांच्या वहिवाटीतून आलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर स्पष्टच सांगितलं की जोडीदाराच्या हिंसेची पोलिसांना सक्तीने खबर देण्याची शिफारस करता येत नाही. ऐका, गरज विचारा, विश्वास ठेवा, सुरक्षिततेचा विचार करा आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या, असा क्रम संघटनेच्या २०१४ च्या हस्तपुस्तिकेने दिला. लैंगिक हिंसेसाठी आपल्याच आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये सूचना काढल्या. त्यात पोलिसांकडे जायचं नाही असं बाईने समजून-उमजून सांगितलं तर तो नकार कागदावर लिहून उपचार चालू ठेवण्याची वाट आहे. मारहाणीच्या बाईला तेवढाही मान का असू नये, याचं पटणारं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आता सोलापूरची धार. इथे एमएलसीची वाट सिव्हिल पोलीस चौकीतून जाते. 'याची नोंद सिव्हिल पोलीस चौकीत झाली आहे' हे वाक्य सोलापूरच्या पेपर वाचणाऱ्या माणसाला पाठ असतं. त्याच्या आधी असतं जखमीचं नाव, वय आणि राहण्याचं ठिकाण. बलात्कारपीडितेचं नाव छापायला कलम २२८-अ आलं तेव्हापासून, म्हणजे १९८३ पासूनच बंदी आहे. मार खाल्लेल्या बाईसाठी तशी बंदी नाही. साखर पेठेत किंवा विडी घरकुलात राहणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे तीन ओळींची बातमी वाचून दाखवतात. चौकीत पुढे काय होतं? जखम किरकोळ ठरली तर बहुतेक वेळा अदखलपात्र, म्हणजे नुसती एनसी. नवऱ्याला बोलावून दम देतात आणि संध्याकाळी तो घरी. दवाखान्याने बाईच्या हाती संरक्षण काही दिलं नाही, तिचं गुपित तेवढं फोडलं. पुढच्या वेळी ती 'पडले' म्हणूनच सांगणार, किंवा येणारच नाही.

खासगीत वेगळंच. 'एमएलसी आहे, सिव्हिलला न्या' हे ऐकलेले नातेवाईक पुढच्या दवाखान्यात आधीच ठरवून सांगतात, 'पाय घसरला'. कोर्टाच्या खेपा टाळू पाहणाऱ्या डॉक्टरलाही ते सोयीचं असतं. अशा रीतीने ज्या नोंदीने पुरावा तयार व्हायचा, तिच्यामुळेच खोटा केस पेपर तयार होतो, आणि कोर्टात तोच बाईच्या विरोधात वाचला जातो.

दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कोणी मारलं, कशाने मारलं, जखम कुठे, केवढी, कोणत्या रंगाची, हे प्रत्येक वेळी तिच्या शब्दांत लिहायचं. पोलिसांना कळवायचं की नाही हे, जिवावरचं नसेल तेव्हा, तिला विचारायचं. नमुना १ ची वाट यासाठीच आहे. त्याची प्रत पुढे पोलीस ठाण्याला जाते हे खरं, पण तिच्यावरून आपोआप गुन्हा दाखल होत नाही. संरक्षण, निवास, पोटगी असे दिवाणी स्वरूपाचे आदेश मागायचा रस्ता तिथून उघडतो.

समुपदेशनाबद्दलही घोळ आहेच. २००५ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे न्यायाधीश दोघांना एकेकटं किंवा एकत्र समुपदेशनाला पाठवू शकतात. नियमांत मात्र नवऱ्याने मारण्याचं कसलंही समर्थन तिथे मांडायचं नाही आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं, अशी अट आहे. पुन्हा असं होणार नाही याची हमी मिळवणं हा त्या बैठकीचा हेतू. प्रत्यक्षात 'तूही जरा सांभाळून घे, दोन लेकरं आहेत' इथेच गाडी येते. जातपंचांनी किंवा वस्तीतल्या पुढाऱ्याने केलेला समेट आणि हे यात मग फरक उरत नाही. दारू सोडवण्याचे उपचार जरूर हवेत. पण दारू सुटलेला माणूस मारायचं थांबतोच असं नाही, आणि न पिणारेही मारतात.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे, आणि ती मुंबईहून आलेल्या कुठल्याच नमुन्यात बसत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, नई जिंदगीकडे दखनी. बाईला मराठीत सांगता येत नाही तेव्हा तिचं दुखणं डॉक्टरला सांगतं कोण? सोबत आलेली सासू किंवा नवरा. 'चक्कर येऊन पडली म्हणते,' एवढंच मराठीत उतरतं. विडी वळणाऱ्या बाईचं मनगट सुजलं असेल तर तिचा पहिला प्रश्न हात कामाला कधी लागेल हा असतो, कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते. विड्या वळायचं सूप मांडीवर घेता आलं नाही तर त्या दिवसाचं काही नाही. तिला 'उद्या समुपदेशनाला या' म्हणणं म्हणजे एका दिवसाची मजुरी मागणं आहे.

२०१५ पासून केंद्राच्या योजनेतून 'सखी' वन स्टॉप केंद्रं आली, १८१ ची हेल्पलाइन आली. उपचार, निवारा, पोलीस आणि वकील एका छताखाली मिळावेत ही कल्पना चांगलीच आहे. तरी तिथपर्यंत पोचणाऱ्या थोड्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात लग्न झालेल्या सुमारे २५ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या १४ टक्केच, त्याही मुख्यतः माहेरी.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. ४९८-अ चं ८५ आणि ८६ झालं. गंभीर दुखापतीत पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचं काम न जमणं धरत, ते आता पंधरा दिवसांवर आलं. विडी वळणाऱ्या बाईच्या मनगटासाठी हे पाच दिवस महत्त्वाचे आहेत: सोळाव्या दिवशीही तिला सूप धरता येत नसेल, तर तसं लिहिलेला केस पेपर तिची तक्रार एनसीतून बाहेर काढू शकतो. त्यासाठी पहिल्या दिवशी 'पडली' असं लिहिलेलं नसावं, आणि सोळाव्या दिवशी तिला पुन्हा तपासायला बोलावलेलं असावं.