गिरणी इथे, पत्र तिथे

औरंगाबादेत कापसाची गिरणी 1889 साली उभी राहिली आणि सातशेच्या आसपास माणसे तिथे कामाला लागली. 1900 मध्ये मनमाडकडून रेल्वे आली, तसे जालन्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघत गेले. शेतात कापूस वेचायला बायाच. म्हणजे कष्टकरी स्त्री मराठवाड्यात होती, तिची बाजू मांडणारे वृत्तपत्र मात्र नव्हते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथे कारभाराची भाषा उर्दू, आणि वृत्तपत्र काढायचे तर आधी दरबारची परवानगी.

पत्रे निघत होती ती हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात. नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’त 1855 मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मातंग मुलीचा निबंध छापून आला. वय जेमतेम चौदा. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, असे ती विचारते. मराठीतली स्त्रियांची पत्रकारिता सांगताना मी तरी इथून सुरुवात करीन. मासिकांतल्या पाककृती नंतर.

‘दीनबंधू’ हे साप्ताहिक 1877 चे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत गिरणी कामगारांचे मुखपत्र केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पंधरा तारखेच्या आत, या मागण्या 1884 च्या. 24 एप्रिल 1890 च्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायाही बोलल्या. जूनमध्ये सुट्टी मिळाली. पुढे वासुदेवराव बिर्जे यांच्यानंतर त्यांच्या पत्नी तनुबाईंनी हेच पत्र चालवले. संपादकाच्या खुर्चीत बसलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. औरंगाबादच्या गिरणीला असा आवाज लाभला नाही.

मताधिकाराचेही तेच. मुंबई इलाख्यात 1921 मध्ये स्त्रियांना मत मिळाले, अर्थात मिळकतीच्या अटीवर, त्यामुळे मूठभरांनाच. तरी बार्शीच्या एखाद्या घरंदाज बाईला मत होते आणि हाकेच्या अंतरावरच्या, पण निजामाच्या हद्दीतल्या भूम-परंड्यात ते रयतेत कुणालाच नव्हते. तिथे बाई-पुरुष हा भेद करायचीही गरज पडली नाही.

1938 मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले, तेही पुण्याहून. निजामाने बंदी घातली की नाव बदलायचे आणि तोच मजकूर पुन्हा आत धाडायचा, असा क्रम चालला. त्यांच्या पत्नी आशाताई याच निजामविरोधी लढ्यातल्या कार्यकर्त्या. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांत मराठवाड्यातल्या बाईने प्रथमच सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले, मिळकतीची अट न घालता. त्याच निवडणुकीत वैजापूरहून आशाताई हैदराबाद विधानसभेत गेल्या.